हायड्रोजनवरची स्कूटर : धूर नाही, पण धोका आहे

विजेवर चालणाऱ्या छोट्या स्कूटरची बॅटरी काढायची, तिच्या जागी हायड्रोजनवर चालणारा फ्युएल सेल बसवायचा आणि धुराऐवजी पाण्याची वाफ सोडत गाडी पळवायची! अभियांत्रिकीच्या मुलांना प्रकल्पासाठी ही कल्पना हमखास भुरळ घालते. कल्पना चुकीची नाही. घराच्या पार्किंगमध्ये ती करून पाहणे मात्र जिवावर बेतू शकते.

फ्युएल सेल, म्हणजेच इंधनघट, नवा नाही. त्याचे तत्त्व ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास दाखवले. यात हायड्रोजन जळत नाही. प्लॅटिनमच्या थरावर त्याचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. उरलेले प्रोटॉन एका पातळ पडद्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनना पडद्यातून वाट नसते, म्हणून ते तारेतून वळसा घेतात. तीच वीज. पलीकडे हवेतला ऑक्सिजन भेटला की पाणी तयार होते. आपल्या पेशीही अन्नातला हायड्रोजन ऑक्सिजनशी अशाच टप्प्याटप्प्याने, आगीशिवाय जोडून ऊर्जा मिळवतात.

हिशेब काय सांगतो?

एक सेल प्रत्यक्षात ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो. ४८ व्होल्टच्या स्कूटरसाठी असे सत्तरहून अधिक सेल एकावर एक रचावे लागतात. शिवाय चढावर किंवा गाडी सुरू होताना अचानक जास्त वीज लागते. तेवढ्या चपळाईने सेल ती देऊ शकत नाही, म्हणून छोटी बॅटरी ठेवावीच लागते.

अशा गाडीला एका फेरीसाठी एक युनिट वीज लागते असे धरू. त्यासाठी साधारण ६० ग्रॅम हायड्रोजन पुरतो. वजन किरकोळ, पण साध्या दाबाला हा वायू सुमारे ७०० लिटर जागा व्यापतो, म्हणजे दोनशे लिटरची साडेतीन पिंपे. त्यामुळे तो प्रचंड दाबाने सिलिंडरमध्ये कोंबावा लागतो किंवा विशिष्ट मिश्रधातूच्या भुकटीत मुरवावा लागतो. साध्या दाबाला चालणारी अशी भुकटी स्वतःच्या वजनाच्या एक ते दीड टक्काच हायड्रोजन धरते. म्हणजे ६० ग्रॅमसाठी चार ते सहा किलो भुकटी, डब्याचे वजन वेगळे.

पाण्यातून ६० ग्रॅम हायड्रोजन वेगळा करायला तीन युनिटांहून अधिक वीज लागते. तेच काम बॅटरी साधारण सव्वा युनिटात करते. छोट्या गाडीसाठी बॅटरीच का सोयीची, याचे उत्तर इथे आहे.

न दिसणारी आग

हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. गळती कळावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गंधकयुक्त उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. इथे ती सोय नाही, कारण गंधक प्लॅटिनमला निकामी करते. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. कपड्यांच्या घर्षणातून उडणारी ठिणगीही त्याला पेटवायला पुरते.

हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला, तर मिश्रण पेट घेऊ शकते. मोकळ्या जागी हा हलका वायू झटकन वर निघून जातो. बंद खोलीत मात्र तो छताशी साचतो. सात बाय दहा फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीतली सगळी हवा ज्वलनशील करायला वर सांगितलेले ६० ग्रॅम पुरेसे आहेत.

म्हणून घरी पाण्यातून हायड्रोजन काढून तो साठवणे, मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात भरणे, ऑक्सिजनचा किंवा स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटर जोडून पाहणे हे सारे टाळायलाच हवे. हायड्रोजनमुळे काही धातू ठिसूळ होतात, त्यामुळे नळ्या आणि झडपाही त्याच्यासाठीच बनवलेल्या लागतात. सिलिंडर भरायला परवाना लागतो. याची नियामक संस्था ‘पेसो’ हिचे मुख्यालय नागपुरातच आहे. नोंदणी झालेल्या गाडीचे इंधनही परवानगीशिवाय बदलता येत नाही.

प्रकल्प करायचाच असेल, तर तो महाविद्यालयाच्या हवेशीर प्रयोगशाळेत, गळती ओळखणारे यंत्र लावून आणि जाणकार शिक्षकांसमोर करावा. गळतीची शंका आली, तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता सर्वांनी बाहेर पडून अग्निशमन दलाला कळवावे. कोणाला भाजलेच, तर जखमेवर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नये. नंतर लगेच रुग्णालय गाठावे.

हायड्रोजनचे खरे काम मोठ्या वाहनांत आहे. तिथे लांबचा पल्ला असतो आणि टाकी लवकर भरावी लागते. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी देशी बनावटीची फ्युएल सेल बस सादर केली, ती याच विचाराने. घरच्या स्कूटरला तूर्त तिची बॅटरीच बरी.