परदेशी गेलेलं कौशल्य मायदेशी कसं येतं?

मागच्या व्याख्यानात आपण परदेशातून घरी येणाऱ्या पैशाचा विचार केला. आज कौशल्याचा करू. या दोन्हींत मोठा फरक आहे. पैसा बँकेतून पाठवता येतो, पण कौशल्य माणसाबरोबरच येतं. आणि माणूस यायचा म्हणजे त्याला इथे त्याच्या तोडीचं काम हवं, सहकारी हवेत, मुलांना शाळा हवी. नुसत्या देशप्रेमाच्या आवाहनावर कुणी संसार हलवत नाही. हलवला तरी फार दिवस टिकत नाही.

तैवानचं उदाहरण घेऊ. १९६० आणि ७०च्या दशकांत तिथले हुशार पदवीधर अमेरिकेला शिकायला जात आणि बहुतेक तिथेच राहत. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. तैवानने काय केलं? १९७३ साली सरकारने औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्था काढली. १९७६ मध्ये आरसीए या अमेरिकन कंपनीकडून चिप बनवण्याचं तंत्र घेतलं आणि आपले तरुण इंजिनिअर ते शिकायला तिकडे धाडले. १९८० साली शिंचू इथे विज्ञान पार्क उभं केलं, तेही दोन तंत्रविद्यापीठांच्या शेजारी.

आता एक बारीकशी गोष्ट बघा. या पार्कात एक शाळा काढली आणि तिच्यात द्विभाषिक विभाग ठेवला. का? कॅलिफोर्नियात वाढलेलं मूल एकदम चिनी माध्यमाच्या वर्गात बसू शकत नाही, आणि मुलाचं अडलं की आईबापांचं येणंही अडतं. हे ज्यांनी ओळखलं, त्यांना माणूस कळला होता असं आपण म्हणू.

मॉरिस चँग १९८५ साली त्या संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून आले. जन्म चीनमधला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये सुमारे २५ वर्षं काढलेली. तैवानमध्ये ते त्याआधी कधी राहिलेही नव्हते. १९८७ साली त्यांनी टीएसएमसी स्थापन केली. इतरांनी आखलेल्या चिप्स फक्त बनवून द्यायच्या, ही त्यांची कल्पना. जवळजवळ निम्मं भांडवल सरकारचं होतं, पाव हिश्श्याहून अधिक फिलिप्सचं. पण सुरुवातीचा कारखाना आणि हाताशी तयार इंजिनिअर, हे दोन्ही त्या संस्थेतूनच मिळाले. म्हणजे चँग यायच्या आधी बारा वर्षं त्यांच्या कामाची जागा तयार होत होती!

सगळे काही कायमचे परतले नाहीत. कित्येक जण दोन्हीकडे ये-जा करत राहिले. ॲनाली सॅक्सेनियन या अभ्यासक याला ‘ब्रेन ड्रेन’ऐवजी ‘ब्रेन सर्क्युलेशन’ म्हणतात. शिवाय कायम परतायलाच हवं असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९७७ साली तुर्कस्तानात ‘टॉकटेन’ ही योजना सुरू केली. परदेशातल्या तज्ज्ञाने थोड्या काळासाठी मायदेशी येऊन काम करायचं. त्याला प्रवासखर्च आणि राहण्याचा भत्ता मिळायचा, तिकडच्यासारखा पगार नाही.

आपल्याकडे १९८४ साली सी-डॉट स्थापन झाली. शिकागोहून आलेल्या सॅम पित्रोदांचा त्यात मोठा वाटा. पण खेड्यातल्या उन्हातान्हात, धुळीत, एसीशिवाय चालणारं टेलिफोन एक्स्चेंज बनवलं ते इथल्या तरुण इंजिनिअरांच्या चमूने. बाहेरचा अनुभव आणि इथले हात, दोन्ही लागले.

तैवानची नक्कल जशीच्या तशी होणार नाही. त्यांचा काळ, बाजारपेठ, राजवट सगळं वेगळं होतं. पण एक गोष्ट आपल्याला नक्की घेता येते. परदेशातला माजी विद्यार्थी कॉलेजात येतो, तेव्हा आपण काय करतो? शाल, श्रीफळ, भाषण, जेवण. तो परत जातो आणि त्याचं ज्ञानही त्याच्याबरोबर जातं. त्याऐवजी तो यायच्या आधीच तीन गोष्टी ठरवूया: कोणतं अडलेलं काम त्याच्यापुढे ठेवायचं, त्याच्याबरोबर इथलं कोण बसणार, आणि तो गेल्यावर ते पुढे कोण चालवणार. या तिन्हींची उत्तरं नसतील, तर आमंत्रण थोडं पुढे ढकललेलंच बरं.