पडद्यावरची बाई आणि वावरातली बाई

आम्ही मूर्तिजापूर भागातल्या बचत गटांच्या बाया. आज टीव्ही, पेपर आणि मोबाईलवर दिसणाऱ्या बाईबद्दल बोलूया.

हा प्रश्न जुनाच आहे. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या खटल्यात १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांत सगळ्याच बायकांना नावं ठेवली गेली. त्याला उत्तर दिलं आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी, १८८२ साली, ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून. बाईच्या माथी मारता ते दोष पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा रोखठोक सवाल. लोकांनी टीका केली, पण जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

आज काय दिसतं? मालिकेतली बाई एक तर सगळं सोसणारी सून, नाही तर घर फोडणारी. भरजरी साडी नेसून स्वयंपाक करते. निंदायला, कापूस वेचायला जाताना क्वचितच दिसते. पेपरात कापूस वेचणाऱ्या बाईचा फोटो येतो, पण ‘शेतकरी’ म्हटलं की डोळ्यासमोर बाप्याच येतो. मुलीची छेड काढल्याची बातमी असली, तर ती रात्री बाहेर कशाला गेली, हीच चर्चा.

यात आपलं नुकसान आहे. बाई शेतकरी म्हणून दिसलीच नाही, तर सातबाऱ्यावर तिचं नाव लावायचं कोणाला सुचणार? दोष आपल्यालाच लागणार हे कळलं, की मुलगी घरीसुद्धा तोंड उघडत नाही.

म्हणून काहीही पाहताना तीन प्रश्न विचारा. काम कोण करतं आणि नाव कोणाचं होतं? निर्णय कोण घेतं? दोष कोणाला लागतो?

कायदाही माहीत असू द्या. जाहिरातीत किंवा छापील मजकुरात बाईचं असभ्य चित्रण करायला १९८६च्या कायद्यानं बंदी आहे. बलात्कार झालेल्या बाईचं नाव किंवा ओळख पटेल असा फोटो जाहीर करणं गुन्हा आहे. तो व्हॉट्सॲपवर आला तर पुढे पाठवू नका, पोरांनाही बजावा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, की एका मालिकेवर हे तीन प्रश्न लावून पाहा. सुना, लेकी, सासवा साऱ्यांना बोलू द्या. आणि गावात पत्रकार आला, तर फोटोपुरत्या उभ्या राहू नका. आपलं नाव, आपलं पीक, आपलं म्हणणं स्वतः सांगा.