जुन्या मोटारीचे निदान

धावती मोटार वाटेत अकस्मात बंद पडणे ही गोष्ट मोटारीइतकीच जुनी आहे. ती का बंद पडली हे ओळखण्याची रीत मात्र गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलली. उत्तरपाड्याची अँबॅसडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी घाटात थांबली, की बॉनेट उघडून डेलकोचे पॉइंट घासावे, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये फुंकर मारावी, तापलेल्या पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवावे आणि पुन्हा मार्गस्थ व्हावे, एवढ्यावर बहुधा भागत असे. दोष डोळ्यांना दिसे, हाताला लागे. २००० सालाच्या सुमारास धुराविषयीचे निर्बंध कडक झाले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि पेट्रोल किती व केव्हा फवारावे हे ठरविण्याचे काम एका लहानशा संगणकाकडे गेले. त्यानंतरच्या पहिल्या पिढीतल्या मोटारी आता जुन्या झाल्या आहेत. निदान चुकले की त्यांचा एकेक भाग बदलला जातो, मोटारीच्या किमतीएवढा पैसा दुरुस्तीत जातो आणि दुखणे जागच्या जागी राहते. म्हणून निदानाची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

या संगणकाला स्वतःचे डोळे-कान नसतात. इंजिनाच्या अंगावर जागोजागी बसविलेले सेन्सर त्याला बातम्या पुरवितात. हवा किती आत आली, पाणी किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, क्रँकशाफ्ट कोणत्या कोनात आहे, अशा बातम्या क्षणोक्षणी येत राहतात. एखादी बातमी अशक्य किंवा विसंगत वाटली, की संगणक तिची एका संकेतांकाच्या रूपाने नोंद करतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लावतो. अमेरिकेत अशा नोंदींची समान पद्धती १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. भारतात ती २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांत आली. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस असलेल्या सोळा पिनांच्या जोडणीत स्कॅनर लावला, की या नोंदी वाचता येतात.

दिव्यांच्या रंगांना अर्थ आहे. पिवळा दिवा स्थिर जळत असेल, तर मोटार सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तोच लुकलुकू लागला, तर एखाद्या सिलिंडरातले पेट्रोल न जळता धुराच्या वाटेने बाहेर पडत आहे आणि तेथील महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होण्याची भीती आहे, असे समजावे. वेग उतरवून लवकर थांबणे श्रेयस्कर. तेलाच्या दाबाचा लाल दिवा चालत्या मोटारीत लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. तेलावाचून बेअरिंगे काही मिनिटांतच जळतात. इंजिन तापल्याचा दिवा लागला तरीही थांबावेच. मात्र रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये.

मोटार धावता धावताच बंद पडली, तर निदान नंतर, जीव आधी. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्ती एक-दोन वेळा पाय दाबण्याइतकीच उरते. पुढे ब्रेक लागतो, पण फार जोर लावावा लागतो. स्टिअरिंगही जड होते. म्हणून ब्रेक पुनःपुन्हा न दाबता एकदाच दाबून धरावा, मोटार कडेला घ्यावी, आणि ती थांबेपर्यंत किल्ली पूर्ण फिरवून काढू नये. तसे केल्यास स्टिअरिंगला कुलूप बसते. नंतर चारही इशारादिवे लावून, धोक्याचा त्रिकोण मागे दूरवर ठेवून, माणसांनी कठड्यापलीकडे उभे राहावे. रात्रीच्या वेळी बोरघाटात हीच दक्षता प्राण वाचविते.

आता कारणाचा शोध. इंजिनाला वीज, ठिणगी आणि इंधन ही तीन हवीतच. किल्ली फिरविल्यावर स्टार्टर नुसताच टकटक करीत असेल, तर संशय बॅटरीवर आणि तिच्या जोडण्यांवर घ्यावा. स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा किल्ली ‘ऑन’ करून कान द्यावा. बहुतेक पेट्रोल मोटारींत मागील बाजूने पंपाची एक-दोन सेकंद गुणगुण ऐकू येते. ती नसेल तर क्रमाने फ्यूज, रिले आणि मग पंप पाहावा. पंप वाजतो, तरी इंजिन पेटत नसेल, तर ठिणगीकडे वळावे.

जुन्या मोटारींत एक विशेष दुखणे आढळते. तास-दीड तास चालून इंजिन पुरते तापले, की मोटार कोणतीही सूचना न देता बंद पडते. अर्धा तास थांबले, की जणू काही घडलेच नाही अशी सुरू होते. गॅरेजात पोहोचेपर्यंत ती शहाण्यासारखी वागते आणि मालकाचे बोलणे खोटे पडते. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे क्रँकशाफ्टचा सेन्सर. त्यातील तांब्याच्या बारीक तारेला केसाएवढी चीर गेलेली असते. उष्णतेने ती फाकते, थंडाव्याने पुन्हा जुळते. क्रँकचा कोन कळेनासा झाला, की संगणक ठिणगी व पेट्रोल दोन्ही रोखतो. पी-०३३५ हा संकेतांक याच सेन्सरच्या मंडलाचा आहे. बंद पडलेल्या अवस्थेतच स्टार्टर फिरवून स्कॅनरवर फेऱ्यांचा आकडा पाहावा. इंजिन फिरत असूनही तो शून्यच राहिला, तर संशय बळावतो.

तथापि संकेतांक हा साक्षीदाराचा जबाब आहे, न्यायाधीशाचा निकाल नव्हे. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, एवढेच. हे वाचून पुष्कळ ठिकाणी प्राणवायूचा सेन्सर बदलला जातो. वास्तविक त्याने खरी बातमी दिलेली असते आणि दोष चिरलेल्या रबरी नळीचा असतो. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने जोडण्यांवर गंज चढतो. तेव्हाही ठपका बिचाऱ्या सेन्सरवरच येतो. म्हणून भाग बदलण्यापूर्वी त्याची वायर, जोडणी आणि अर्थ तपासावी.

कधी कधी एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे सगळेच दिवे एकदम लागतात. इतकी यंत्रे एकाच क्षणी बिघडणे संभवत नाही. अशा वेळी सर्वांना समान असलेले कारण शोधावे, आणि ते बहुधा विजेचा अपुरा दाब हेच निघते. साधा मल्टिमीटर येथे फार उपयोगी पडतो. विश्रांती घेतलेल्या, भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असता तो साधारणतः १३.८ ते १४.५ दिसावा. चालू इंजिनावरही तो साडेबाराच्या खाली राहिला, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. दाब ठीक असूनही गोंधळ होत असेल, तर बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणाऱ्या अर्थच्या जाड तारा उघडून, घासून, घट्ट बसवाव्यात. पुष्कळदा शंभर रुपयांचेही काम नसलेला हा उपाय हजारोंचा खर्च वाचवितो.

एक पथ्य मालकाने पाळावे. दिवा घालविण्यासाठी बॅटरीची तार काढू नये. संकेतांकाबरोबर दोष घडला त्या क्षणीचा वेग, तापमान व इंजिनावरील भार यांचीही नोंद पुष्कळ मोटारींत राहते, आणि तार काढल्यास बहुधा हा पुरावाच पुसला जातो. त्याऐवजी मोटार केव्हा थांबली, इंजिन तापलेले होते की गार, पाऊस होता काय, टाकीत पेट्रोल किती होते, हे एका वहीत टिपून ठेवावे. जाणता मिस्त्री स्कॅनर लावण्याआधी हेच प्रश्न विचारतो. रोग्याची हकिकत ऐकल्यावाचून नाडी धरू नये, हा वैद्याचा जुना नियम लोखंडाच्या देहालाही तितकाच लागू आहे.