इंग्रजी नियमित क्रियापदाची काळरूपे आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी

पैठण, कन्नड, सिल्लोड, वैजापूर या तालुक्यांतून छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांत प्रथम वर्षास प्रवेश घेणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजीचे बारा काळ बहुधा पाठ करूनच येतो. महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय २००० साली सुरू झाला. त्यापूर्वी तो पाचवीपासून शिकविला जात असे. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याची इंग्रजीशी ओळख अल्पकाळाची नाही. तरीही तक्ता बिनचूक लिहिणारा हाच विद्यार्थी ‘तो काल चालला नाही’ हे साधे वाक्य ‘ही डिड नॉट वॉक्ट’ असे सांगतो. अनिवार्य इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत तो उत्तीर्ण होतो आणि मुलाखतीत दुसऱ्या वाक्यालाच थांबतो. या चुकीचे मूळ निष्काळजीपणात नसून दोन भाषांच्या रचनेत आहे, असे दिसते.

वस्तुतः रूपांची संख्या पाहिली तर इंग्रजी ही सोपी भाषा ठरते. ‘वॉक’ या नियमित क्रियापदाची रूपे अवघी चार: वॉक, वॉक्स, वॉक्ट, वॉकिंग. याउलट ‘चालणे’ या क्रियापदाची एकट्या साध्या वर्तमानकाळात चालतो, चालते, चालतोस, चालतेस, चालता, चालतात अशी रूपे होतात. भूतकाळात चाललो, चाललास, चाललीस, चालला, चालली, चालल्या अशी लिंग, वचन व पुरुषानुसार आणखी वाढतात. सकर्मक क्रियापद असेल तर कर्मणी प्रयोगात ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते: मुलाने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली. एवढा पसारा सहज सांभाळणाऱ्या मुलाला चार रूपे जड का जावीत?

याचे कारण असे की, मराठीत काळाची बरीचशी माहिती क्रियापदाच्या प्रत्ययात असते. इंग्रजीत ती मोठ्या प्रमाणात साहाय्यक क्रियापदांच्या क्रमात असते. प्रत्ययाने दाखविले जाणारे काळ इंग्रजीत दोनच, वर्तमान आणि भूत. उर्वरित सर्व रचना विल, हॅव आणि बी या तीन साहाय्यकांच्या जोडणीने सिद्ध होतात. विलनंतर मूळ रूप, हॅवनंतर भूतकालवाचक धातुसाधित आणि बीनंतर ‘इंग’युक्त रूप येते. ‘विल हॅव बीन वॉकिंग’ ही सर्वांत लांब रचनाही याच तीन नियमांनी उलगडते. बारा घरांचा तक्ता हा या नियमांचा परिणाम होय. वर्गात मात्र परिणाम आधी पाठ होतो आणि नियम बहुधा सांगितलाच जात नाही. नियमित क्रियापदात भूतकाळ व धातुसाधित यांचे रूप एकच असल्याने ‘वॉक्ट’ची दोन कार्ये विद्यार्थ्याच्या लक्षातही येत नाहीत.

नकाराचेही तसेच. मराठीत ‘चालला’ हे रूप कायम ठेवून पुढे ‘नाही’ जोडले की काम होते. प्रश्न विचारताना ‘का’ पुरतो. इंग्रजीत भूतकाळाची खूण क्रियापदावरून उचलून ‘डिड’वर ठेवली जाते व क्रियापद मूळ रूपात परत येते. मराठीच्या सवयीने विद्यार्थी ती दोन्हीकडे ठेवतो. ‘तो दोन तासांपासून चालत आहे’ याचे ‘ही इज वॉकिंग सिन्स टू अवर्स’ होणे हाही त्याच सवयीचा भाग होय. येथे इंग्रजीला ‘हॅज बीन वॉकिंग फॉर’ अशी रचना लागते. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत खपून जाते, इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाला मात्र ‘काल’ चालत नाही. उलटपक्षी, ‘तो चालत असे’ या मराठी रीतिभूतकाळाला त्या बारा घरांत स्वतंत्र जागाच नाही. त्यासाठी ‘यूज्ड टू वॉक’ वेगळे शिकवावे लागते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. तेव्हापासून दोन्ही भाषांच्या काळांना सारखीच नावे देण्याची प्रथा रुळली. नावे सारखी म्हणून रचनाही सारख्या, हा समज त्यातूनच बळावला असावा.

एका बाबतीत मात्र मराठी विद्यार्थ्याचे पारडे जड आहे, आणि तिचा उपयोग फारसा केला जात नाही. ‘ईडी’ या एकाच लेखनाचे उच्चार तीन होतात: स्टॉप्ट, प्लेड, वॉन्टिड. बाजारातील मार्गदर्शकांत सरसकट ‘वॉक्ड’ छापलेले असते. परंतु कठोर आणि मृदू व्यंजनांचा भेद विद्यार्थी शालेय व्याकरणात शिकलेला असतो. ‘विपद्’ आणि ‘काल’ मिळून ‘विपत्काल’ होतो, म्हणजे पुढच्या कठोर वर्णामुळे मागचा ‘द’ कठोर होतो, हे त्याला ठाऊक असते. इंग्रजीत दिशा उलटी: मागचा वर्ण कठोर असेल तर पुढे ‘ट’, मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘ड’, आणि मागे ‘ट’ किंवा ‘ड’च असेल तर ‘इड’. वॉक्स आणि प्लेझ यांतील शेवटच्या वर्णाचा फरकही याच तत्त्वाने सांगता येतो. संधीच्या तासाला वापरलेले हेच कोष्टक इंग्रजीच्या तासाला फळ्यावर काढण्यास वेगळ्या साहित्याची गरज नाही. मराठी आणि इंग्रजी विभागांतील अध्यापकांनी एकदा एकत्र बसणे तेवढे आवश्यक आहे.