दोन अक्षरांची जागा

रेल्वेच्या दफ्तरी आमच्या विरारला इंग्रजी दोनच अक्षरे आहेत, व्ही आणि आर. वसई रोडला तीन आहेत, बी, एस आणि आर. वसईत हा ‘बी’ कुठून आला? तो इंग्रजांच्या ‘बेसीन रोड’मधून आला. बेसीनची वसई झाली, पाट्या बदलल्या, पण कागदावरची तीन अक्षरे तशीच राहिली. आखूड नाव चिवट असते, हे मला कवितेपेक्षा रेल्वेनेच आधी शिकवले.

हे आठवायचे कारण माझा भाचा. नालासोपाऱ्यात भाड्याच्या गाळ्यात त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. स्वतःच्या गाळ्यासाठी त्याने तीन लाख रुपये साठवले होते. एके दिवशी आला आणि म्हणाला, “मामू, गाळा राहू दे. या पैशांत डॉट इनची दोन-तीन अक्षरी नावं घेऊन ठेवतो. पाच वर्षांत एकाचे दहा होतील.” मागोमाग बहिणीचा फोन. “भाई, तुमचं ऐकतो तो. जरा बघा.”

मी साधा बी.ए. झालेला माणूस. म्हटले, आधी मला समजावून सांग, मग मी तुला समजावतो.

तर गोष्ट अशी आहे. इंटरनेटवर प्रत्येक देशाला दोन अक्षरांचे शेपूट मिळालेले आहे. आपले डॉट इन १९८९ पासूनचे. सुरुवातीला त्याचा कारभार मुंबईत जुहूला असलेले नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पाहत असे. नियम कडक होते. १९९२ ते २००४ या काळात सारी मिळून ७,००० च्या आसपास नावे नोंदली गेली. २००५ मध्ये नियम सैल झाले आणि कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे गेला. आधी ट्रेडमार्कवाल्यांना संधी मिळाली आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून दार सगळ्यांना उघडले. मार्च २०१० पर्यंत नावांचा आकडा सहा लाखांच्या पुढे गेला होता. जाणत्यांनी चांगली आखूड नावे केव्हाच उचलली होती.

आखूड नावाला भाव का येतो, याचे गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. इंग्रजी अक्षरे २६. दोन अक्षरी नावे होतात २६ गुणिले २६, म्हणजे ६७६. तीन अक्षरी १७,५७६. चार अक्षरी ४,५६,९७६. दोन अक्षरांचे सहाशे शहात्तरावे नाव गेले की सातशेवे कोणी जन्माला घालू शकत नाही. समुद्रकिनाऱ्याच्या जमिनीसारखे आहे हे. वाढवता येत नाही, म्हणून महाग.

पण थांबा. अशी शेपटे जगात अडीचशेच्या आसपास आहेत. प्रत्येकाची आपापली ६७६ नावे. म्हणजे टंचाई दिसते तेवढी नाही. भाव ठरतो तो शेपटावर आणि गिऱ्हाइकावर. कॅरिबियन समुद्रातले अँग्विला हे बेट घ्या. लोकसंख्या १६ हजारांच्या आसपास. त्याच्या वाट्याला ‘एआय’ ही अक्षरे आली, ती केवळ योगायोगाने. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ मध्ये या बेटाला नावांच्या नोंदणीतून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, सरकारी उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक. नशीब अक्षरांत लिहिलेले असते ते असे.

आता दुसरी बाजू. २०१० मध्ये ओव्हरस्टॉक या अमेरिकी कंपनीने ‘ओ डॉट सीओ’ हे एका अक्षराचे नाव साडेतीन लाख डॉलरला घेतले. सीओ हे कोलंबियाचे शेपूट. कंपनीने जाहिराती केल्या, पण लोक सवयीने ‘ओ डॉट कॉम’ टाइप करत राहिले. पुढच्याच वर्षी कंपनी जुन्या नावाकडे परतली. नाव आखूड होते, पण जिभेवर नव्हते.

आणि मालकी? इथे माझे डोळे उघडले. नाव विकत मिळतच नाही, ते मुदतीवर मिळते. दरवर्षी, किंवा फार तर दहा वर्षांचे एकदम, भाडे भरायचे. विसरलात की काही दिवसांच्या सवलतीनंतर ते पुन्हा बाजारात. शिवाय जमीनदार परका देश असू शकतो. लिबियाच्या ‘एलवाय’ शेपटाचे एक दोन अक्षरी नाव २०१० मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी मजकूर न रुचल्याने काढून घेतले. युगोस्लाव्हिया नकाशावरून गेला, तसे त्याचे ‘वाययू’ शेपूटही २०१० मध्ये बंद झाले. त्यावरची सारी नावे गेली.

दुसऱ्याचे नाव अडवून ठेवणेही सोपे नाही. ‘रेडिफ’च्या जागी एक स्वर बदलून ‘रॅडिफ’ घेणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रोखले. असे नाव केवळ पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण मिळायला हवे, असा तो निकाल. डॉट इनच्या तंटा-नियमांतही, ट्रेडमार्कवाल्यालाच चढ्या भावाने विकण्यासाठी नाव घेणे हा अप्रामाणिकपणा मानला जातो.

भाच्याला मी एवढेच विचारले, “लाखाला विकलेल्या नावांच्या बातम्या तू वाचल्यास. न विकल्या गेलेल्या नावांच्या कुठे वाचल्यास?” तो गप्प झाला. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत किती अंतर असते, हे आमच्या बाजारात वसईची केळी विकणाऱ्या बाईलाही ठाऊक असते. तिची केळी निदान उरली तर घरी खाता येतात.

शेवटी त्याने एकच नाव घेतले, स्वतःच्या दुकानाचे. इंग्रजीत अकरा अक्षरे, पुढे डॉट इन. काही शे रुपयांत झाले. तीन लाख गाळ्यासाठी बँकेतच राहिले. बहिणीने मला शिरखुर्मा पाठवला, ईद नसताना.

पण नाव आपल्या लिपीतही घेता येते, हे त्याला माहीत नव्हते. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळते आणि त्यात मराठीही आहे. मी त्याला एक दोन अक्षरी मराठी शब्द सुचवला. तो हसला. “मामू, याला भाव येणार नाही.”

मी म्हटले, “माहीत आहे. मी आयुष्यभर याच लिपीत लिहीत आलोय.”