आवडीची यादी

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानें उत्तरेकडे निघालें म्हणजे सुमारें वीस किलोमीटरांवर सोनगीर लागतें. गांवालगतच्या टेकडीवर जुना किल्ला आहे. परंतु खानदेशांत घरोघरीं गांवाचें नांव पोंचलें तें तांब्यापितळेच्या भांड्यांमुळें. भांडें विकत घेणारी जाणती गृहिणी तें नुसतें डोळ्यांनीं पाहून घेत नाहीं. टिचकी मारून त्याचा नाद ऐकते. धड भांडें खणखणीत वाजतें व त्याचा नाद कांहीं वेळ रेंगाळतो. चीर गेलेलें भांडें बद्द वाजतें. डोळ्यांस न दिसणारी चीर कानास कळते. जी सावधगिरी भांड्याच्या खरेदींत सहज पाळली जाते, ती गाण्याच्या निवडींत मात्र पुष्कळदां पाळली जात नाहीं. तेथें कानाऐवजीं आंकड्यांवर विश्वास ठेवण्याची संवय वाढत चालली आहे.

संगीताच्या रसिकांत एक रूढि आहे. वर्षाचे पहिले सहा महिने सरले, कीं यंदा आतांपर्यंत निघालेल्या गीतसंचांपैकीं कोणते मनांत भरले, याची यादी ते एकमेकांस सांगतात. अशा संचास हल्लीं सर्वत्र 'अल्बम' म्हणतात. वर्षअखेरीपर्यंत न थांबतां मध्येंच हा हिशेब कशासाठीं, आणि एकाची आवड दुसऱ्यास कळून लाभ काय, असें कोणासहि वाटेल. त्याचें उत्तर मिळण्यासाठीं प्रथम अल्बम ही वस्तु कशी निर्माण झाली हें पाहिलें पाहिजे.

हिंदुस्थानांत ग्रामोफोन कंपनीचें पहिलें ध्वनिमुद्रण १९०२ सालच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास झालें. फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ त्यासाठीं मुद्दाम आला होता व त्यानें गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या काळीं विद्युत्‌यंत्र नव्हतें. गायकानें मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून खड्या आवाजांत गावें, त्या आवाजानें कर्ण्यापाठचा पातळ पडदा कंप पावावा, आणि त्याला जोडलेल्या सुईनें फिरत्या मेणावर रेघ कोरावी, अशी ती कृति होती. मुद्रणें जर्मनींत हॅनोव्हर येथें पाठवून त्यांच्या तबकड्या बनवीत. तेथील कामगारांस गायक ओळखतां यावा म्हणून गाण्याच्या शेवटीं गायक आपलें नांव उच्चारीत असे. जुन्या तबकड्यांवर ऐकूं येणारी ती नांवें कित्येकांस गर्वाचीं वाटतात. वस्तुतः ती कारखान्याची सोय होती. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला, आणि मग हलक्या, कुजबुजत्या आवाजासहि तबकडींत जागा मिळाली. महाराष्ट्रांत पुढें भावगीत फुललें, त्याला हें नवें यंत्र साहाय्यभूत झालें.

परंतु एक अडचण कायम राहिली. दहा इंची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई व एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांत संपे. बालगंधर्वांनीं बालपणीं जळगांवीं मेहबूबखां यांचेकडे गाण्याचे पहिले धडे घेतले. त्यांचीं नाट्यपदें रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत घेत कितीहि वेळ चालत. तबकडीवर तींच पदें तीन मिनिटांत आटोपावीं लागत. तासभर चालणारा ख्यालहि तसाच आटवावा लागे. ज्या गायकांस हें आटविणें साधलें, त्यांच्या तबकड्या शंभर वर्षांनंतरहि ऐकवतात. बाकीच्यांच्या घाईनें उरकलेल्या वाटतात.

लांब संगीत एका तबकडींत मावेना, म्हणून तें अनेक तबकड्यांवर वांटून घेऊं लागले. १९०९ सालीं ओडियन कंपनीनें चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराच्या 'नटक्रॅकर' मधील संगीत चार दुपाखी तबकड्यांवर आणलें. अशा तबकड्या फुटूं नयेत व त्यांचा क्रम मोडूं नये म्हणून त्या जाड कागदी पिशव्यांच्या बांधीव पुस्तकांत ठेवीत. फोटो ठेवण्याच्या वहीसारखें तें पुस्तक दिसे, म्हणून त्यास 'अल्बम' हें नांव पडलें. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी आणली. तिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मावत. सगळा संच एका तबकडींत आला व पुस्तक नाहींसें झालें. नांव मात्र राहिलें. पुढें कॅसेट आली, सीडी आली, आणि आज हातांत धरावयास कांहींच नसतांहि तेंच नांव चालू आहे.

यावरून अल्बमचें मर्म कळतें. चार फुलें एकत्र ठेवणें वेगळें आणि हार ओंवणें वेगळें. कोणतें गाणें आधीं, कोणतें नंतर, कोठें विसांवा, कोठें शेवट, हें ज्यांत विचारपूर्वक ठरविलेलें असतें तोच खरा गीतसंच. मराठींतील याचें थोर उदाहरण तबकडीच्याहि आधीं आकाशवाणीवर घडलें. ग. दि. माडगूळकर यांचें काव्य व सुधीर फडके यांचें संगीत असलेलें 'गीतरामायण' पुणें केंद्रावरून १ एप्रिल १९५५ या दिवशीं, रामनवमीस, सुरू झालें आणि आठवड्यास एक गीत याप्रमाणें १९५६ च्या एप्रिलपर्यंत चाललें. एकंदर ५६ गीतें झालीं. त्यांतील एखादें सुटें गीतहि गोड लागतें. परंतु क्रमानें ऐकणारास जें मिळतें तें सुट्या गीतांत नाहीं. श्रोते वर्षभर पुढच्या आठवड्याची वाट पाहत, तीं गीतें उतरून घेत व एकमेकांस देत. १९५७ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. वर्षाच्या मध्यावर दोन घरें भेटलीं, कीं आतांपर्यंत झालेल्यांपैकीं कोणतें गीत अधिक सरस, हा प्रश्न निघणें किती स्वाभाविक होतें, हें सांगावयास नको.

आवड एकमेकांस कळविण्याचे दुसरेहि मार्ग त्याच काळीं रूढ झाले. १९५२ च्या डिसेंबरांत रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढें तींत हिंदी चित्रपटगीतांस आठवड्याचा अनुक्रम मिळूं लागला, व वर्षअखेर गुणांची बेरीज होऊन वार्षिक यादी जाहीर होई. अनुक्रम ठरविण्यास प्रथम दुकानांतील तबकड्यांची विक्री पाहत. पण त्यांत एक दोष होता. फार लोकप्रिय तबकडी दुकानांत संपून जाई. संपली कीं विक्री थांबे. आणि विक्री थांबली कीं सर्वांच्या तोंडीं असलेलें गाणें यादींत खालीं उतरे. म्हणून गांवोगांवच्या श्रोतासंघांचीं मतेंहि मागविण्यांत येऊं लागलीं. आंकडा खोटा नसतांहि अपुरा कसा असतो, हें या एका उदाहरणावरून ध्यानांत यावें.

मुंबई केंद्राच्या 'आपली आवड' या कार्यक्रमाची तऱ्हा याहून निराळी. तेथें क्रमांक नव्हता. कोण्या गांवच्या कोणी पत्र लिहून हें गीत मागितलें, तें नांवगांवासह सांगून मग गीत लावीत. ऐकणारास गाण्याबरोबर त्यावर प्रेम करणारीं माणसेंहि कळत. दूरच्या खेड्यांतील कोणा अनोळखी कुटुंबास आपलेंच आवडतें गीत आवडतें, हें ऐकून जें समाधान होई तें क्रमांक ऐकून होत नसे.

तिसरा मार्ग एकत्र बसून ऐकण्याचा. जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्या रसिकांनीं १९९० सालीं मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली. तिच्या श्रवणसभांत एखादा सभासद आपल्या संग्रहांतील निवडक तबकड्या आणतो, त्यांची हकीकत सांगतो व मग त्या ऐकवितो. 'द रेकॉर्ड न्यूज' या तिच्या नियतकालिकांत गायकांच्या व तबकड्यांच्या याद्या छापून आल्या. तबकडीच्या मध्यावरील कागदी चिठ्ठीवर कंपनीचा क्रमांक असतो आणि चिठ्ठीलगतच्या गुळगुळीत भागावर मुद्रणाचा क्रमांक उठविलेला असतो. असे क्रमांक जुळवून कोणतें गाणें केव्हां मुद्रित झालें हें ठरवितां येतें. रसिकांच्या हौसेंतून असा इतिहास तयार होतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. दुसऱ्याच्या आवडीचा लाभ केव्हां होतो? तो नुसतें नांव सांगत असेल तर फारसा नाहीं. कारण सांगत असेल तर पुष्कळ. 'हा संच उत्तम आहे' या वाक्यानें ऐकणारास कांहींच मिळत नाहीं. 'यांतील तिसऱ्या गीतांत सारंगी शब्दांच्या मागें न धांवतां शब्द संपल्यावर बोलते', असें कोणी सांगितलें, तर ऐकणारा त्या जागेसाठीं कान टवकारून बसतो. पटलें तर आनंद घेतो, न पटलें तर वाद घालतो. दोन्ही प्रकारें त्याचा कान तयार होतो.

आणि अर्ध्या वर्षाची यादी कशासाठीं? तर ती कच्ची असते म्हणून. पहिल्या दिवशीं डोक्यावर घेतलेलें गाणें महिन्याभरांत शिळें होतें, आणि प्रथम रुक्ष वाटलेलें हळूहळू जवळ येतें. वर्षअखेर एकदमच यादी केली तर शेवटच्या दोन महिन्यांतील ताजीं गाणींच तेवढीं आठवतात. चैत्र-वैशाखांत आवडलेलीं मागें पडतात. मध्यावर टिपण करून ठेवलें, व वर्ष संपतां तें पुन्हां ताडून पाहिलें, तर कोणती आवड टिकाऊ आणि कोणती नव्याची नवलाई, हें ज्याचें त्यास कळून येतें.

ही यादी स्वतः करणें आज पूर्वीपेक्षां अधिक अगत्याचें झालें आहे. आज गाणें मोबाईलवर येतें व पुष्कळदां एकट्याच्याच कानांत संपतें. एकाच खोलींत चार माणसें चार गाणीं ऐकत असतात. पुढचें गाणें यंत्र सुचवितें. तें पूर्वी ऐकलेल्याच्या जातीचें असतें, किंवा तशाच आवडीच्या इतर श्रोत्यांनीं ऐकलेलें असतें. सोय मोठी, पण अनपेक्षित तें कानावर पडावयाचें राहून जातें. गेल्या कांहीं वर्षांत अहिराणी गीतांनीं याच मार्गानें खानदेशाबाहेरहि श्रोते मिळविले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु गाजतें तें बहुधा एकेक सुटें, नाचाच्या ठेक्याचें गीत. जात्यावरच्या ओव्या, कानबाईच्या उत्सवांतील गाणीं, लग्नांतील विधींचीं गाणीं हीं ज्या वृद्धांच्या कंठांत आहेत, त्यांचा आंकडा कोणत्याहि पडद्यावर उमटत नाहीं. घरांतील यादींत त्यांस जागा मिळाली नाहीं तर दुसरीकडे ती मिळण्याचा संभव थोडा.

जुन्या तबकड्यांचेंहि तसेंच. त्या लाखेच्या असल्यामुळें हातून सुटल्या कीं फुटतात, आणि वाजविण्याचें यंत्र बिघडलें कीं अडगळींत पडून शेवटीं रद्दींत जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकेंत लाखेची टंचाई पडली, तेव्हां नवी तबकडी हवी असल्यास जुनी परत आणून द्यावी लागे. जुनी वितळे, नवी बने. तांबटाकडे जुनें भांडें मोडींत दिलें तर त्याच तांब्याचा नवा हंडा घडतो व कांहींच वायां जात नाहीं. तबकडी वितळली तर लाख तेवढी परत मिळते. तींतील आवाजाची दुसरी प्रत कोठें नसेल, तर तो कायमचा गेला. धुळ्यास १९२७ सालीं स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळानें जुनीं दप्तरें व पोथ्या जपल्या, कारण त्या मोलाच्या आहेत हें इतिहासाचार्यांनीं आयुष्यभर फिरून लोकांस पटविलें होतें. कागदाचें मोल समाजास पटावयास इतके कष्ट पडले. आवाजाचें मोल अजून पुरतें पटलेलें नाहीं.

यास उपाय साधा आहे. घरांत एक वही ठेवावी. महिन्यांतून एका संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसावें. प्रत्येकानें एकच संच किंवा एकच गीत निवडून सर्वांस ऐकवावें, व तें कां निवडलें हें दोन वाक्यांत सांगावें. नातवानें यंदाचें ऐकवावें, आजीनें तिच्या आईचें म्हणून दाखवावें, आणि तें त्याच मोबाईलवर मुद्रित करून घ्यावें. वहींत गाण्याचें, गायकाचें व कवीचें नांव, वर्ष आणि निवडणाराचें कारण लिहावें. आषाढ लागला कीं तोंवरच्या पानांवरून यादी करावी. दुसऱ्याची निवड ऐकतांना मध्यें बोलूं नये, एवढा एकच नियम पाळला तरी पुरे.

अशी वही पांच-सात वर्षें चालली, तर घरांतील मुलांस आपल्या आजोबांचा स्वभाव व त्यांचा काळ तींतून कळेल. आणि एखाद्या वर्षीं, ज्यास कोठेंहि क्रमांक नाहीं असें गीत एका घरच्या सर्व यादींत वर आलेलें दिसलें, तर तें शेजारच्या घरीं जाऊन अवश्य ऐकवावें.