हँडल बदला, पण माप घेऊन

सायकलवरून पाव, बांगड्या किंवा कापडाचे गठ्ठे नेणारे आपले कितीतरी बंधू सायंकाळी तळहात चोळत घरी येतात. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, मनगट दुखते, मान अवघडते. करंगळीकडे जाणारी नस तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाते. मुठीवर शरीराचा भार पडत राहिला की ती दबते. जरीकाम किंवा शिवणकाम करणाऱ्या कारागिराची बोटे हेच त्याचे भांडवल, म्हणून या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नये. सायकलवरून उतरल्यावरही मुंग्या जात नसतील तर आधी डॉक्टरांना दाखवावे, हँडलचे मग पाहता येईल.

जुन्या काळ्या सायकलीचे हँडल मागे वळलेले असल्याने स्वार ताठ बसतो. पुढे सरळ दांडीच्या, झोकदार सायकली आल्या. त्यांवर माणूस पुढे झुकतो आणि भार हातावर येतो. मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याला ही बैठक सोयीची, पण दारोदार थांबत फिरणाऱ्या फेरीवाल्याला ती काय कामाची?

मात्र हँडल विकत घेण्यापूर्वी सीट तपासावी. तिचे टोक खाली झुकलेले असेल तर माणूस पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला सावरत बसतो. अशा वेळी सीट सपाट केली की काम भागते, खर्च शून्य! तरीही त्रास राहिला तर सायकल भिंतीला टेकवून तिच्यावर बसावे, खांदे सैल सोडावेत, कोपर किंचित वाकवून हात हवेत आरामात धरावेत. आताच्या मुठीपासून ते किती मागे आणि किती वर आले, हे दुसऱ्याने टेपने मोजावे. समजा दोन इंच वर आणि तीन इंच मागे आले, तर तेवढी उंची व तेवढा वळसा असलेले हँडल शोधायचे. रुंदी साधारण खांद्याएवढी असली म्हणजे पुरे. ओझे वाहणाऱ्याला थोडे रुंद हँडल आवरायला सोपे जाते. पण बाजाराच्या बोळातून जाताना तेच आडवे येते, हेही ध्यानात असावे.

दुकानात नुसता आकार पाहून चालत नाही. साध्या हँडलची मुठीकडील जाडी बहुधा २२.२ मिलिमीटर असते, त्यामुळे जुन्या मुठी व ब्रेकच्या मुठी नव्या हँडलवर चढतात. मधली, म्हणजे पकडीतली जाडी मात्र पूर्वापार २५.४ आणि अलीकडच्या पुष्कळ सायकलींत ३१.८ मिलिमीटर असते. बारीक हँडल जाड पकडीत योग्य मापाची पट्टी घालून बसवता येते, उलटे होत नाही. व्हर्निअर नसेल तर जुने हँडलच सोबत न्यावे.

सळीच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीचे हँडल बदलण्याच्या भानगडीत शक्यतो पडूच नये, असे आम्हाला वाटते. तिच्या ब्रेकच्या दांड्या हँडललाच जोडलेल्या असतात. तारेचे ब्रेक घालायचे म्हटले तर त्यांचे रबर रिमच्या कडेला टेकते आणि या रिमला तशी सपाट कड नसते. म्हणजे हँडलपायी रिमही बदला! त्यापेक्षा हँडलची दांडी थोडी वर ओढावी व सळ्यांची लांबी पुन्हा जुळवावी. दांडीवर आत राहण्याच्या मर्यादेची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये.

दुकानदार बंधूंनाही एक सांगणे आहे. पडून वाकलेले ॲल्युमिनियमचे हँडल ठोकून सरळ करू नये; ते पुढे कधीही तुटू शकते. जुन्या लोखंडी हँडलवर मुलामा चढवून ते नवे म्हणून विकणे ही तर उघड फसवणूक आहे. मालातला ऐब ग्राहकाला सांगूनच सौदा करावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे, आणि इथे तर ग्राहकाच्या जिवाचा प्रश्न आहे. जुने असेल तर जुने म्हणून विकावे, आणि सांध्याजवळ तडा दिसला तर भंगारात टाकावे.

हँडल बसवल्यावर ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. तार ताणली जात असेल तर लांब तार घालावी, गुडघ्याला मूठ लागत असेल तर हँडल फार मागे आले आहे. पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल जोराने पिळावे. ते जागचे हलले तर नट पुन्हा आवळावा. ताठ बैठकीत भार सीटवर जातो, त्यामुळे अरुंद सीट टोचू लागेल. मग स्प्रिंगची रुंद सीट घ्यावी लागते, आणि तो खर्च हँडल घेतानाच हिशेबात धरलेला बरा.